निधनाच्या बातमीत दुरुस्ती

मी गेल्याची बातमी मला माझ्याच चॅनलवरून कळली. सकाळची वेळ, डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हातात बिस्कीट, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. टीव्ही नेहमीप्रमाणे चालू होता, म्हणजे मी तो बघत नव्हतो, त्याच्याशी भांडत होतो. निवृत्त माणसाला तेवढाच व्यायाम. हेडलाइन्स संपल्या आणि काळ्या चौकटीत एक ओळखीचा चेहरा आला. फोटो कुठल्यातरी समारंभातला होता. त्यातला कागदी कप कापून टाकला होता, त्यामुळे माझा हात काहीच न धरता छातीपाशी वर आलेला दिसत होता. "ज्येष्ठ वृत्तनिवेदक आणि पत्रकार," मग माझं संपूर्ण नाव, "यांचं आज पहाटे अल्पशा आजारानं... निधन झालं." बिस्कीट कपात पडलं. अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं मला माहीत नाही. मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की 'निधन'च्या आधी ही निवेदिका थांबली कशाला? तिथे थांबायचं नसतं. वाक्य एका श्वासात पुरं करायचं आणि मग थांबायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. पाठोपाठ राग आला, आणि राग आल्यावर मी जिवंत असल्याची माझी खात्री पटली.

"अगं, बाहेर ये," मी म्हटलं. "मी गेलोय."

"पिशवी गार झाली असेल तर काढून ठेवा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "हे परतून होईतो मला हलता यायचं नाही."

आमच्या धंद्यात याला 'तयार माल' म्हणतात. जरा नाव असलेला माणूस साठी ओलांडून गेला की त्याचं मरण करून ठेवायचं. जुनी दृश्यं, दोन सहकाऱ्यांचे गहिवर, उदास व्हायोलिन, आणि आधीच ध्वनिमुद्रित केलेलं निवेदन. पहिलं वाक्य तेवढं मोकळं ठेवतात, ते निवेदकानं ताजं वाचायचं. मी स्वतः कितीतरी लोकांचा तयार माल लिहिला आहे, आणि त्यांतले काही जण नंतर लिफ्टमध्ये भेटून मला तब्येतीचं विचारत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घर बांधायच्या आधी नकाशा काढतात, तसंच हे. काय घडलं असणार तेही मला बसल्या जागी कळलं. एक निवृत्त न्यायाधीश बरेच दिवस अत्यवस्थ होते, ते पहाटे गेले असणार. तयार मालाच्या यादीत त्यांच्या खालच्या ओळीत मी असणार. कुणीतरी झोपाळलेल्या डोळ्यांनी एक ओळ खालचं दाबलं, आणि निवेदकासमोर मजकूर सरकतो त्या प्रॉम्प्टरवर न्यायाधीशांच्या जागी मी वर सरकत आलो. ही चूक आमच्याकडेच होऊ शकते. वाण्याच्या दुकानात साखरेऐवजी मीठ देतील, पण जिवंत गिऱ्हाइकाला मेलेला म्हणून बांधून देणार नाहीत. तरीही त्या चुकीबद्दल मला राग नव्हता. राग आला तो माल बघून.

"वृत्तनिवेदनाच्या क्षेत्रातला एक तारा निखळला आहे," ती म्हणत होती. तारा निखळला! माझ्या हयातीत, म्हणजे माझ्या नोकरीच्या हयातीत, मी हे शब्द त्या इमारतीत येऊ दिले नव्हते. तारा निखळणे, पोकळी निर्माण होणे, कधीही न भरून येणारी हानी, सगळ्यांना बंदी होती. जो लिहील त्याला मी विचारायचो, की बाबा रे, पोकळी किती बाय कितीची, मोजून आण. आता माझीच पोकळी निर्माण करत होते. आवाज टाचणीचा. टाचणी हे नाव मीच ठेवलेलं. आली तेव्हा एवढीशी होती आणि बोलली की कानात टोचायचं. मी तिचा आवाज घशातून पोटात उतरवला, मान स्थिर करून घेतली, पापणी कधी हलवायची ते दाखवलं. आता तिचा आवाज खर्जात लागतो, लोक तिला ओळखून रस्त्यात हात जोडतात. आणि मला एकदम असं दिसलं, की एखाद्या दुपारी जेवण करून, पाणी पिऊन, ती त्या छोट्या काचेच्या खोलीत गेली असेल, हेडफोन लावले असतील, आणि माझं मरण वाचून आली असेल. एखाद्या वाक्यावर अडखळून म्हणाली असेल, परत घेऊ या. मग बाहेर येऊन कुणाला विचारलं असेल, की चहा सांगितलाय का रे.

व्हायोलिन चालू होतं आणि माझं आयुष्य ओळीनं चाललं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य धड नव्हतं. 'लहानपणापासूनच त्यांना वृत्तनिवेदनाची आवड होती.' लहानपणी मला दुकानाच्या पाट्या रंगवायची आवड होती. या धंद्यात मी शिरलो तो एका वर्तमानपत्रात नगरपालिकेच्या सभा लिहिणारा म्हणून, आणि टीव्हीत आलो तो एका निवेदकाचा घसा बसला म्हणून. त्याचा कोट मला घातला, मागून चिमटे लावून आवळला, तोंडाला पावडर फासली आणि समोर बसवलं. कमरेखाली माझी स्वतःची चुरगळलेली पँट होती. लाल दिवा लागला तेव्हा मी एक गोष्ट शिकलो, की तुमच्या अंगात काहीही चाललेलं असो, चेहरा ठेवायचा. पोटात कळ आली, चेहरा ठेवा. कानात कुणी शिव्या घालतंय, चेहरा ठेवा. लोकांना कानातल्या त्या बोंडाबद्दल कल्पना नसते. त्यांना वाटतं, हा माणूस आपल्याशी बोलतोय. तो बोलत असतो तुमच्याशी, पण ऐकत असतो दुसऱ्याचं. सगळी हयात मी कुणाचा तरी आवाज कानात घेऊन बोललो. आवर, ताण, हसू नकोस, पाहुण्याला तोड, त्याला रडू दे, मध्ये बोलू नकोस. इतकी सवय झाली होती की घरी बायको काही सांगू लागली तर मी उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबायचो, कानात काही येतंय का म्हणून. ती म्हणायची, "अहो, इथे मी एकटीच आहे."

आणि मग त्यांनी ती आग दाखवली. मी कप खाली ठेवला. गोदामाचं अर्धवट उघडं दार, आतून धूर, धुरामागे नारिंगी रंगाची एक भिंत, आणि कॅमेरा तिच्याकडे चालत जातोय. ते दृश्य सगळ्यांना पाठ आहे, त्याला बक्षीसही मिळालं होतं. त्यावर टाचणीचा आवाज: "गोदामाच्या त्या भीषण आगीचं त्यांनी जिवाची पर्वा न करता केलेलं वृत्तांकन आजही अंगावर काटा आणतं." त्यांनी म्हणजे मी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जिवाची पर्वा न करता मी त्या दिवशी थंडगार स्टुडिओत पावडर लावून बसलो होतो. चालत जात होता तो पहिलवान. आमचा कॅमेरामन. काडीसारखा होता म्हणून पहिलवान. कॅमेरा खांद्यावर घेतला की कॅमेऱ्यानंच त्याला धरल्यासारखं वाटायचं. आम्ही दोघांनी अर्ध्या देशाची धूळ खाल्ली होती, एका खाटेवर झोपलो होतो, एका डब्यात जेवलो होतो, आणि एकमेकांना कधी 'कसा आहेस' असं विचारलं नव्हतं. त्या दिवशी तो तिथे होता आणि मी इथे, आणि माझ्या कानात दोन आवाज होते. एक पहिलवानाचा, घटनास्थळावरून. दुसरा मधाळचा, नियंत्रणकक्षातून. मधाळ तेव्हा बातम्यांचा संपादक होता. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलेलो. तो कुणावर ओरडत नसे. गोड बोलून माणसाला चुलीत घालायचा, म्हणून मधाळ. "धूर काय दाखवतोस राजा," तो म्हणाला, "धूर सगळ्यांकडे आहे. जरा आत जा." पहिलवान म्हणाला, "साहेब, छत बरोबर वाटत नाही." "अरे, तू नाहीस तर कोण जाणार? दोन पावलं. फक्त दोन पावलं आत जा." मी त्या वेळी प्रेक्षकांना गोदामाचं क्षेत्रफळ सांगत होतो. चित्र हलायला लागलं. नारिंगी भिंत जवळ आली, फार सुंदर आली, मग चित्र एकदम आडवं झालं आणि तसंच राहिलं. जमीन उजवीकडे, आग डावीकडे. कॅमेरा चालूच होता. माझ्या कानात कुणी बोलेना, म्हणून मी बोलतच राहिलो.

टीव्हीत ते आडवं चित्र अर्थातच नव्हतं. ते येण्याआधी कापून टाकलं होतं. त्या संध्याकाळी माझ्यासमोर एक निवेदन आलं. 'सुरक्षिततेच्या स्पष्ट सूचना दिलेल्या असतानाही, अतिउत्साहाच्या भरात त्या न जुमानता आत शिरलेल्या आमच्या कॅमेरामनचा...' मी कागद पालथा घातला, कोटाचा मायक्रोफोन काढला आणि खुर्चीतून उठलो. मधाळ धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला ते हवं तेव्हा आणता येतं. "मित्रा, एवढं वाच. विमा, कोर्टकचेऱ्या, किती जणांच्या पोटावर पाय येईल." मी म्हटलं, तू वाच. तो वाचणार नव्हता, त्याला चेहरा ठेवता आला नसता. मग त्यांनी टाचणीला बसवलं. ती तेव्हा नवी होती, हवामान वाचायची. माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. बसली, मान स्थिर केली, आणि वाक्य एका श्वासात पुरं करून थांबली. अगदी मी शिकवलं होतं तसं. त्यानंतर तिनं मागे वळून पाहिलं नाही, आणि मी पुढे कुठे गेलो नाही. माझी खुर्ची गेली, मग माझी खोली गेली, मग काहीच काम नसलेल्या एका विभागाचा मी सल्लागार झालो आणि शेवटी 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्त'. तयार मालात हेच होतं. प्रकृतीच्या कारणास्तव. माझा गुडघा तेवढा दुखतो, आणि तोही अलीकडे.

मी गप्प बसलो नव्हतो, हेही सांगायला हवं. चौकशी समिती बसली, तिघेजण, समोर पाण्याच्या बाटल्या. मी ऐकलेला शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी विचारलं, पुरावा? आता, कानातलं बोलणं त्या काळी कुठेही नोंदलं जात नसे. बाहेर जे जातं ते नोंदलं जातं. आत जे सांगितलं जातं ते हवेत. एका वर्तमानपत्रानं आतल्या पानावर चार ओळी छापल्या, तेही 'आरोप' म्हणून. पहिलवानाच्या बायकोला, वहिनीला, मी घरी जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण टीव्हीवर दुसरंच सांगितलं ना." टीव्हीवर सांगितलेलं खरं असतं, हे लोकांना पटवण्यात माझी उमर गेली होती.

एव्हाना फोन सुरू झाले होते. बायकोनं गॅस बंद केला होता आणि पदराला हात पुसत ती टीव्हीसमोर उभी होती. माझं संपूर्ण आयुष्य बघून ती एवढंच म्हणाली, "फोटो तरी बरा लावायचा." मग ती फोनमागून फोन घेत सुटली. "नाही हो, आहेत. इथेच बसलेत. चिडलेत. हो, म्हणजे ठणठणीत आहेत." तिच्या भावाला तर दोनदा सांगावं लागलं, तो घरून निघालाच होता. माझ्या एका जुन्या विरोधकानं रडत रडत सांगितलं, की माझ्यासारखा माणूस होणे नाही. बायकोनं फोन माझ्याकडे दिला तेव्हा त्यानं कापला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही, फक्त म्हशीनं मध्येच उठून बसू नये. मला हसू यायला हवं होतं. येत नव्हतं. आणि मग वहिनीचा फोन आला. बायकोनं तिला मी जिवंत असल्याचं सांगितलं, तशी ती आधी रडली, मग हसली, आणि मग जे म्हणाली ते बायकोनं मला फोनवर हात ठेवून सांगितलं. "म्हणतायत, निदान तुमच्याबद्दल चांगलं तरी बोलले. आमच्या ह्यांच्या वेळी, ऐकलं नाही म्हणून गेला, असंच म्हणाले होते."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. इतकी वर्षं मी समजत होतो की माझा राग मधाळवर आहे, टाचणीवर आहे, त्या तिघांच्या पाण्याच्या बाटल्यांवर आहे. तो होताच. पण वहिनीचं म्हणणं ऐकल्यावर तो असा काही उसळला की पिशवी गुडघ्यावरून खाली पडली. ज्या पडद्यावरून एका माणसाला त्याच्या मरणाबद्दल दोषी ठरवलं, त्याच पडद्यावर त्याचं चित्र माझ्या नावानं चालवत होते, आणि त्याच्या बायकोनं ते बघून माझं अभिनंदन करायचं होतं.

मधाळचा फोन आला तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तो आता सगळ्या चॅनलचा प्रमुख आहे. "मित्रा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच थरथरत होता, "माझ्या काळजाचं पाणी झालं रे. कुणाची चूक झाली ते मी बघतोच. पण मी काय म्हणतो, आपण यातून काहीतरी छान करू. तू फोनवर थेट ये. हसत हसत सांग, मी जिवंत आहे. लोकांना फार आवडेल. सगळीकडे हेच चाललंय आत्ता, तुला कल्पना नाही."

"कोण घेतंय?" मी विचारलं.

"तुझीच शिष्या. रडवेली झालीय बिचारी. तिला खरंच वाटलं होतं."

तेव्हा मला तो 'निधन'च्या आधीचा थांबा कळला. कळला, आणि तरीही माझा राग काही कमी झाला नाही. हुंदका गिळायचाच असेल तर पडद्यावर माझी जुनी दृश्यं चालू असताना गिळायचा, वाक्याच्या मध्ये कशाला.

"येतो," मी म्हटलं.

"वा! थोडक्यात हं, मित्रा. एक छोटासा विनोद कर आणि सोड."

बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मी रागावलो की सावकाश बोलतो, हे तिला माहीत आहे. "अहो, हसून घ्या आणि मोकळे व्हा," ती म्हणाली. "उगाच कुठे जुनं उकरता? सगळं जग बघत असणार." मी म्हटलं, म्हणून तर. तिनं खाली पडलेली पिशवी उचलली, पुन्हा गरम करायला घेऊन गेली, आणि दारात थांबून म्हणाली, "मग नीट बोला. अडखळू नका."

फोन कानाला लावून मी थांबलो. तिकडून कार्यक्रमाचा आवाज येत होता, आणि त्यामागे नियंत्रणकक्षाची कुजबुज, ती मी कुठेही ओळखीन. मधाळ स्वतः तिथे येऊन उभा असणार, बोट माझ्या फोनच्या बटणाजवळ. म्हणजे मला मिळणार एक श्वास. फार तर दीड. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो, की बातमी कधीही मधूनच कापली जाईल असं समजून लिहा; महत्त्वाचं ते आधी, मागचं गळून पडलं तरी चालेल असं. मनात वाक्य जुळवायला घेतलं. पहिल्यांदा आलं ते असं: 'आज माझ्या निधनाची खोटी बातमी दिलीत, पण याहून मोठं खोटं तुम्ही...' लांबण. काढून टाकलं. 'या चॅनलचे आजचे प्रमुख,' मग मधाळचं पूर्ण नाव, 'यांनी गोदामाच्या आगीत...' हे मला फार आवडलं. तोंडात चव आली. इतकी वर्षं मला हेच म्हणायचं होतं, त्याच्या नावानं सुरुवात करून, त्याच्याच पडद्यावर. पण नावानं सुरुवात केली की त्याचं बोट दाबलं जाणार. लोकांना त्याचं नाव ऐकू येईल आणि पुढे शांतता. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील. पहिलवान राहील तिथेच, सूचना न जुमानता. एका श्वासात एकच नाव बसत होतं. रागाला मधाळचं नाव हवं होतं, आणि मी ते अक्षर अक्षर करून वाक्यातून काढलं. माझ्या आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात अवघड संपादन. मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"सर," टाचणीचा आवाज आला, खर्जातला, जरा फाटलेला. "सर आपल्यासोबत आहेत. सर, आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आत्ता तुम्हाला काय वाटतंय?"

काय वाटतंय! घर जळालेल्या माणसापुढे माइकचा दांडा धरून विचारतात तोच प्रश्न. मी श्वास घेतला. "गोदामाच्या आगीत गेलेल्या," आणि पहिलवानाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, "यांनी कुठलीही सूचना मोडली नव्हती, त्यांना आत जायला नियंत्रणकक्षातून सांगितलं होतं, हे मी स्वतः कानानं ऐकलं, आणि तुम्ही दाखवलेली आग त्यांनी टिपली, मी नाही."

हे म्हणून होईतो फोन कानात मेला. मी तसाच उभा राहिलो. घरातला टीव्ही फोनवरच्या थेट आवाजाच्या काही क्षण मागे असतो. पडद्यावर टाचणी अजून विचारायची होती. तिच्या शेजारी माझा कापलेल्या कपाचा फोटो, काळी चौकट काढून लाल केलेली. बायकोनं धावत येऊन आवाज मोठा केला. "आत्ता तुम्हाला काय वाटतंय?" टाचणीनं विचारलं. आणि माझा आवाज आला. मला तो म्हातारा वाटला, पण मान स्थिर असलेल्या माणसाचा आवाज होता. गोदामाच्या आगीत गेलेल्या. नाव. वडिलांचं नाव. सूचना मोडली नव्हती. आत जायला. मी एकेक शब्द बाहेर पडताना बघत होतो. 'स्वतः कानानं ऐकलं' इथपर्यंत आलं आणि कापलं गेलं. पुरे होतं. टाचणीचा हात कानाकडे गेला. तिच्या कानात आता काय चाललं असेल ते मला कुणी सांगायला नको होतं. अशा वेळी निवेदकानं म्हणायचं एक वाक्य ठरलेलं असतं, 'हे पाहुण्यांचं वैयक्तिक मत आहे, चॅनल त्याच्याशी सहमत असेलच असं नाही.' ते झोपेतही म्हणता येतं. मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. तिचा चेहरा जागच्या जागी होता. ती थांबली, नको तेवढी थांबली, कागद पालटला, आणि निवृत्त न्यायाधीशांच्या निधनाची बातमी वाचली. ते वाक्य तिनं म्हटलं नाही. मला तिच्याबद्दल काहीतरी वाटलं, पण त्याला नाव द्यायला मला वेळ मिळाला नाही, कारण वहिनीचा फोन आला.

"भाऊजी," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "परत लावतील का हो हे?"

"का, वहिनी?"

"सासूबाई समोरच बसल्या होत्या. पण त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. तुमचा फोटो ओळखला, बाकी काही नाही. मी सांगायला गेले तर म्हणतात, तू माझ्या समाधानासाठी सांगतेस. परत लावलं तर मी त्यांना अगदी जवळ बसवते, पार पेटीला कान लावून."

परत लावतील का. त्या वेळेपर्यंत दुपारच्या बातमीपत्रातून ते कापून झालंही असणार. मधाळ या कामात चपळ आहे. "नाही लावणार," मी म्हटलं. "त्यांच्याकडे फोन द्या."

"ऐकू येत नाही हो त्यांना."

"द्या तुम्ही."

खुडबुड झाली. मग एक जाडसर श्वास आला. "कोण?"

"मावशी, मी."

"मोठ्यानं बोल बाबा."

आयुष्यात मी कधी आवाज चढवला नव्हता. मायक्रोफोन समोर असताना ओरडतो तो अडाणी, असं मी पोरांना सांगायचो. मी गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिलो आणि ओरडलो, "त्याला आत जायला सांगितलं होतं!"

"काय?"

"आत! जायला! सांगितलं होतं त्याला! ऑफिसातून!" समोरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. बायको खिडकी लावायला गेली, आणि न लावताच परत आली.

"त्याच्या मनानं नव्हता गेला?"

"नाही! छत पडेल म्हणाला तो! तरी सांगितलं, जा म्हणून! म्हणून गेला!"

"टीव्हीत म्हणाले होते, ऐकलं नाही त्यानं."

"खोटं होतं ते मावशी! खोटं! आज टीव्हीत मी सांगितलं, खोटं होतं म्हणून!" माझा घसा फाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तिच्या खोलीतला टीव्ही मला ऐकू येत होता, तिला नव्हता. "म्हणजे ऐकलं होतं त्यानं," ती म्हणाली.

"ऐकलं होतं!"

"कुणाचं?"

मग मी मधाळचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, खिडक्या सताड उघड्या असताना, आणि तिला एकदा ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा घेतलं.